दीड सेकंदाचा होकार

माझ्या नवऱ्याने "हो" म्हणायला दीड सेकंद घेतला आणि मी घाबरले.

खोलीतल्या बाकी सगळ्यांना मात्र हायसं वाटलं. डॉ. शहनाज इनामदारांनी चष्मा काढून पुसला. साक्षीला बसलेले इस्पितळाचे वकील आणि मोठ्या सिस्टर एकमेकांकडे बघून हसले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर उमटलं होतं : 'होय. खात्री सत्त्याण्णव टक्के.' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. निर्णयाला लागलेला वेळ, एक पूर्णांक पाच सेकंद. ती बहुतेक मी एकटीनेच वाचली.

प्रश्न होता शुक्रवारी शस्त्रक्रिया करायची का, हा. डॉक्टरांनी श्रीरंगच्या कानाशी वाकून एकेक आकडा सावकाश सांगितला होता. दहा रुग्णांपैकी चौघांना काही ना काही परत मिळतं. कुणाला बोलता येतं, कुणाचा हात हलतो. तिघांना काडीचाही फरक पडत नाही. उरलेले तिघं दगावतात. शस्त्रक्रिया न केल्यास तो आहे तसाच राहील, कदाचित वीस वर्षंसुद्धा. हे सगळं ऐकून श्रीरंगने दीड सेकंदात होकार दिला होता. मंडईत वांगी निवडायला मी याहून जास्त वेळ लावते.

"काय धीराचा माणूस आहे!" वकील म्हणाले.

मी मान डोलावली. खाटेचा दांडा धरून उभी राहिले.

श्रीरंग पाटणकर, वय एकोणसाठ, जहाजावरचा चीफ इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या घरी दाढी करता करता खाली कोसळला. मेंदू आणि पाठीचा कणा जिथे जोडले जातात, त्या मेंदूस्तंभात रक्ताची गुठळी अडकली होती. वरचा मेंदू शाबूत राहिला आणि खाली जाणारे सगळे निरोप तुटले. त्याला ऐकू येतं, कळतं, आठवतं, राग येतो, पण शरीरातला एकही स्नायू त्याचं ऐकत नाही. पहिलं वर्षभर डोळे तेवढे वर-खाली व्हायचे. पण तेही फार दिवस टिकणार नाहीत, असं डॉ. इनामदारांनी वर्षाखेरीस सांगितलं, आणि म्हणूनच 'चाहूल' बसवायची घाई केली होती.

चाहूलबद्दल हल्ली शाळेतल्या पोरांनाही माहिती असते, तरी थोडक्यात सांगते. आपण हात उचलतो, त्याच्या किंचित आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते. विजेची एक बारीकशी लाट उठते. 'मी ठरवलं' असं आपल्याला वाटेपर्यंत ती लाट निघून गेलेली असते. कवटीखाली बसवलेली एक तलम जाळी ही लाट पकडते, आणि यंत्र तिचा अर्थ लावतं. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या मेंदूची लाट निराळी. त्यामुळे यंत्राला प्रत्येक माणूस नव्याने शिकवावा लागतो.

"आणि शिकवायला खरेखुरे निर्णय लागतात," डॉक्टर तेव्हा म्हणाल्या होत्या. "तुमचं नाव श्रीरंग का, असं विचारून भागत नाही. ती नुसती आठवण झाली. मन दोन्हीकडे ओढलं गेलं पाहिजे. असे शेकडो निर्णय हवेत, आणि सगळे एकाच जातीचे. यांना कशाची आवड होती?"

"पत्त्यांची."

"रमी?"

"पोकर."

डॉ. इनामदार खुर्चीतून जवळजवळ उठल्याच.

लग्नानंतर सहा महिने मी त्याच्याबरोबर जहाजावर होते. बघायला पाणी आणि खायला डबाबंद मटार. तिथे त्याने मला पोकर शिकवलं. पुढे मिरजेला आल्यावर रोज संध्याकाळी आम्ही दोघं चिंचोके लावून खेळायचो. खेळ सोपा आहे. दोघांना दोन-दोन पानं, आपापली लपवलेली. मग मधे तीन पानं उघडी मांडायची, तो फ्लॉप. ती तीन पानं दोघांचीही. ती पडली की खरी कसोटी लागते; पुढे आणखी दोन पानं एकेक करून उलटतात, आणि शेवटी ज्याची जुळणी मोठी तो जिंकतो. समोरच्याने चिंचोके लावले की तीनच वाटा उरतात. पानं टाकून द्यायची, तो फोल्ड. त्याने जेवढे लावले तेवढेच आपणही लावायचे आणि डावात राहायचं, तो कॉल. किंवा त्याच्यापेक्षा जास्त लावून त्याला घाबरवायचं, तो रेज. हातात काही नसतानाही रेज करता येतो. त्या थापेत श्रीरंगचा हात धरणारा मी पाहिलेला नाही.

चार महिने रोज दुपारी तीन ते पाच आम्ही इस्पितळात खेळलो. यंत्र सांभाळायला वैजयंती कोरे होती, कवठेमहांकाळची, चाळिशीची, हुशार आणि तोंडाने फटकळ. ती श्रीरंगची पानं त्याच्या नजरेसमोर धरायची. त्याने डोळे वर केले की रेज, खाली केले की फोल्ड, स्थिर ठेवले की कॉल. त्याने जे केलं त्याचं बटण मी दाबायची. पुढे रेजची लाट म्हणजे 'होय' आणि फोल्डची लाट म्हणजे 'नाही', असं यंत्रात बसवलं गेलं. कॉलच्या लाटेचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. सरकारी अर्जावर तिसरा चौकोन नसतो. म्हणून ती 'निर्णय नाही' या सदरात गेली.

एक डाव मला अजून दिसतो. मधे बदामचा राजा, किलवरची नव्वी, चौकटची दुर्री. माझ्या हातात राजा होता, म्हणजे राजांची जोडी. मी दहा चिंचोके लावले. श्रीरंगचे डोळे किंचित खाली गेले आणि मग झटकन वर आले. रेज. मी दहा श्वास विचार केला, घाबरले, पानं टाकली. वैजयंतीने हसत त्याची पानं मला दाखवली. सत्ती आणि चौकी, म्हणजे निव्वळ काही नाही.

"ताई, ह्यांचे डोळे आधी खाली जातायत आणि मग वर," वैजयंती म्हणाली. "लई वेळा बघितलं मी. आधी येणारी ही लाट मशीनला काय म्हणून सांगू?"

"सोडून दे ती," मी म्हणाले. वर शहाणपणाही शिकवला. "टेबलावर हात कुठे घुटमळला ते मोजत नाहीत वैजयंती, चिंचोके कुठे पडले ते मोजतात. घातलं ते घातलं."

श्रीरंगनेच मला जहाजावर शिकवलेला नियम होता तो. पोकर खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. वैजयंतीने मान डोलावली आणि यंत्राला तसं सांगितलं.

चार महिन्यांनी त्याचे डोळे थांबले. त्यानंतरचे आठ महिने आमचा संसार चाहूलवर चालला. पंखा लावू? होय. बातम्या? नाही. बरं वाटतंय? होय. आमच्या घरात पुन्हा दोन माणसं बोलतायत याचंच मला इतकं अप्रूप होतं, की उत्तरं तपासून बघायचं कधी मनातही आलं नाही.

आणि आता हा सोमवार. कायदा असा की चाहूलवरचं उत्तर तीन दिवस, तीन वेळा, नव्वद टक्क्यांच्या वर एकच आलं, तर ती रुग्णाची स्वतःची सही. मग बायको असो की बाप, कुणालाही ती मोडता येत नाही.

मी त्याच्यापाशी बसून राहिले. नजर समोर खिळलेली, दर तासाला सिस्टर डोळ्यांत थेंब घालायच्या. मला त्याचे जुने होकार आठवत होते. जहाजावर एकदा इंजिनरूममधून धूर येत होता. मी फोन केला, सगळं ठीक आहे ना? "हो, ठीक आहे, तू जेवून घे," तो ताडकन म्हणाला. दोन तासांनी वर आला तेव्हा एक भुवई जळालेली होती. कोसळला त्या सकाळीही मी विचारलं होतं, हात का चोळतोयस? "काही नाही, अवघडलाय." त्यालाही सेकंदसुद्धा लागला नव्हता. थाप त्याच्याकडे कायम तयार असायची, वेळ लागायचा तो खऱ्यालाच. चांगली पानं आली की तो कधीच रेज करायचा नाही. पुष्कळ वेळ त्या तीन पानांकडे बघत बसायचा आणि मग नुसता कॉल करायचा.

म्हणजे हा दीड सेकंदाचा होकार म्हणजे हातात काही नसताना केलेला रेज होता. तो घाबरला होता, आणि माझी सुटका करायला निघाला होता. मी यातून मेलो तर केतकी मोकळी होईल, असा त्याचा सरळ हिशेब. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. थाप मला ओळखता येत होती, पण वकिलांना काय सांगणार? माझा नवरा खोटं बोलतोय कारण तो लवकर बोलला?

मंगळवारी पुन्हा तोच प्रश्न. एक पूर्णांक चार सेकंद. होय. अठ्ठ्याण्णव टक्के.

मी तडक वैजयंतीच्या खोलीत गेले.

"यंत्राने गाळलेलं असतं ना काही? ते बघता येतं?"

"कच्चा आलेख? येतो की. पण तुम्हाला काय कळायचंय त्यात?"

"तू कळव."

तिने कालचं आणि आजचं उत्तर उघडलं. पडद्यावर दोन रेषा. वरची जाड, ठसठशीत, होयची. तिच्या आधी, इवलासा काळ, एक रेषा खाली बुडी मारत होती आणि कुणीतरी मानगूट धरून वर ओढावं तशी वर येत होती.

"ही खालची काय?"

वैजयंतीने आलेख मोठा करून पाहिला.

"नाहीची आहे ताई. पहिल्यांदा नाही म्हणतायत, आणि लगेच स्वतःच दाबून टाकतायत. मशीनला दिसतंय हे. पण आधी येऊन दबलेली लाट धरायची नाही, असं शिकवलंय त्याला."

"कुणी?"

तिने माझ्याकडे बघितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खेळाचा नियम मी माणसाला लावून बसले होते.

उठायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा जरा. दुसरा एखादा प्रश्न बघू? रोजचा?" आणि मी काही बोलायच्या आत तिने तो काढलासुद्धा. आठ महिने, रोज सकाळ-संध्याकाळ मी एक प्रश्न विचारत आले होते. दुखतंय का कुठे? चारशे एकोणऐंशी वेळा विचारला होता. उत्तर चारशे एकोणऐंशी वेळा 'नाही'.

"आणि पहिली लाट?" मी विचारलं.

वैजयंतीने पडदा माझ्याकडे वळवला. रेषांच्या रांगाच्या रांगा होत्या. जवळपास प्रत्येक 'नाही'च्या आधी एक छोटी लाट वर उसळत होती. हो, दुखतंय. हो, दुखतंय. आणि लगेच दाबलेली. मला काही दिसेनासं झालं. आठ महिने तो वेदनेने तळमळत होता, आणि मी शेजारी बसून त्याला पेपर वाचून दाखवत होते. वर आल्यागेल्याला सांगत होते, देवाची कृपा, दुखत नाही हो त्याला काही.

मी रडले, मोठ्याने रडले. वैजयंतीने दार लावून घेतलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"मीही मशीनला तसंच शिकवलं की ताई," ती म्हणाली. "तुम्ही एकट्या नव्हता."

अर्ध्या तासात डॉ. इनामदार आल्या. त्यांनी दोन्ही आलेख उभ्यानेच पाहिले, आणि आधी सिस्टरना बोलावून वेदनेची औषधं बदलली. मग खाली बसल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"ही चूक माझीही आहे. मी कच्चे आलेख बघायला हवे होते," त्या म्हणाल्या. "पण शस्त्रक्रियेचं निराळं आहे, केतकीताई. भीती दाबून दिलेला होकार खोटा कसा? तसं म्हटलं तर माझ्या टेबलावर झोपणारा प्रत्येक माणूस खोटारडा ठरेल. आधी नको वाटतं, मग माणूस धीर करून हो म्हणतो. त्याला आपण धैर्य म्हणतो."

"धैर्य आणि थाप यांचे आलेख वेगळे दिसतात?"

त्यांनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "सारखेच दिसतात."

"मग उद्याचं थांबवा."

"थांबवलं तर शुक्रवारची जागा जाईल. यांच्या चेतातंतूंना अजून पालवी फुटते आहे, चार-सहा महिन्यांनी फुटणार नाही. आणि त्यांना नाही म्हणायचं असेल, तर उद्या ते म्हणू शकतात. हक्क त्यांचा आहे."

तो नाही म्हणणार नव्हता. पंचवीस वर्षांत माझ्यासमोर रेज केल्यावर त्याने कधी माघार घेतली नव्हती. उद्या तिसऱ्यांदा तो दीड सेकंदात होय म्हणेल, पडदा हिरवा होईल, आणि शुक्रवारी त्याला नेतील. दहातले तीन. मी डोळे मिटले की ते तीनच दिसायचे, चार दिसतच नव्हते.

घरी जाऊन मी भात टाकला आणि न जेवताच बसून राहिले. त्याला थाप मारायची गरज कशामुळे पडते, याचा विचार करत होते. पोकरमध्ये माणूस थाप मारतो कारण समोरच्याची पानं झाकलेली असतात. माझीही होतीच की. दोन वर्षं मी त्याच्यासमोर एकदाही रडले नव्हते. कंबर धरली तरी तोंडाने गुणगुणत त्याला पुसून काढायची. विचारेल त्याला, मला काही त्रास नाही हो, हे माझं ठरलेलं वाक्य. तेही दीड सेकंदातच. त्याला डोळे हलवता येत नव्हते, पण पंचवीस वर्षं माझ्याशी खेळलेला माणूस तो. त्याला काय कळत नसेल? आमच्या घरात थापाड्या तो एकटा नव्हता.

बुधवारी अकराला तिसरी वेळ होती. मी साडेदहालाच पोचले आणि डॉक्टरांना म्हणाले, "प्रश्न विचारायच्या आधी मला त्याच्याशी बोलायचंय. साक्षीदारांनी बसायला हरकत नाही. यंत्र चालू राहू दे."

वकील म्हणाले, "मॅडम, रुग्णावर दबाव येता कामा नये."

"दबावच काढायला आलेय," मी म्हणाले.

मी खाटेवर त्याच्या नजरेसमोर येऊन बसले, अगदी तोंडासमोर. नव्या औषधांनी त्याच्या कपाळावरची एक शीर बसली होती. ती शीर इतके महिने फुगलेली होती, आणि ती जन्माचीच आहे असं मी धरून चालले होते.

"श्रीरंग, ऐक," मी म्हणाले. "मी आज पानं उघडी करून खेळणार आहे. असं करत नाहीत हे मला माहितेय. तू शिकवलंयस. तरी करणार आहे. मी थकलेय. कंबर गेलीय माझी. कधीकधी स्वयंपाकघरात जाऊन मी तुला शिव्या देते, कोसळलास कशाला म्हणून. हे एक पान. पण तू गेलास तर मी मोकळी होईन असं तुला वाटत असेल, तर तुझ्यासारखा गाढव तूच. मी मोकळी होणार नाही, मी नुसती एकटी होईन. मला तू असाच, या खाटेवर, वीस वर्षं चालशील. हे दुसरं."

सिस्टरनी डोळ्याला पदर लावला. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण खरं पान अजून खालीच होतं आणि ते उघडायला माझा हात धजत नव्हता.

"आणखी एक आहे. मला तुझा आवाज हवाय. तू माझी चेष्टा केलेली हवीय. रोज सकाळी उठल्यावर आधी मला तेच आठवतं. पण त्यासाठी तुला पणाला लावायची माझी छाती नाही, म्हणून मी प्रार्थना करते की तूच नाही म्हणावंस. म्हणजे मला काही ठरवायला नको. झालं. माझ्याकडे आता लपवलेलं काही नाही. मला भीती वाटते, श्रीरंग. तुलाही वाटते, मी काल पाहिलंय ते. दाबू नकोस."

मी बाजूला झाले. डॉक्टरांनी प्रश्न विचारला. तेच शब्द, तेच आकडे. चार, तीन, तीन.

दीड सेकंद गेला. पडदा कोराच होता.

पाच सेकंद. दहा. वैजयंती पडद्यापुढे वाकली. पंधरा. होय म्हणशील तर मरशील, नाही म्हणशील तर माझ्यासाठी म्हणशील, आणि मला दोन्ही सोसायचं नाही, असं काहीतरी मनात चाललं होतं. एकविसाव्या सेकंदाला पडद्यावर पिवळी अक्षरं आली : 'निर्णय नाही.'

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. वकिलांनी कागद गोळा केले. "म्हणजे ही प्रक्रिया रद्द झाली. रुग्णाचं स्पष्ट मत नाही असं धरलं जाईल. आता कायद्याने निर्णय पत्नीचा. हो किंवा नाही, आज पाचपर्यंत कळवायचं."

"स्पष्ट नाही कसं?" वैजयंती एकदम म्हणाली. "ताई, इकडे या. हे बघा."

कच्च्या आलेखात दोन रेषा होत्या. एक खाली गेलेली, नाहीची. एक वर, होयची. पण आज खालचीची मानगूट कुणी धरली नव्हती. ती शेवटपर्यंत तशीच होती, वरचीएवढीच ठळक, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालल्या होत्या.

"चार महिने तुमच्याबरोबर बसून ही मी शंभर वेळा बघितलीय," वैजयंती म्हणाली. "कॉल आहे हा."

डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे काय?"

कॉल म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं. समोरच्याने जेवढं घातलं तेवढंच आपलं, कमी नाही, जास्त नाही. मी त्याच्यासमोर भीती घातली होती आणि त्याचा आवाज परत यावा ही ओढ घातली होती. त्याने दोन्हींची बरोबरी केली होती आणि तो डावात राहिला होता. पुढचं पान उलटायचं की नाही, एवढंच माझ्यावर सोडलं होतं.

पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. नाही लिहिलं असतं तर मला कुणी नाव ठेवलं नसतं. शेजारपाजार म्हणाला असता, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागतं? मी त्याला घरी नेलं असतं, आता दुखलंही नसतं त्याला. आणि मग वीस वर्षं रोज सकाळी आम्ही दोघांनी एकमेकांची उघडी पानं बघत बसायचं होतं.

मी त्याच्यापाशी गेले. त्याचा हात हातात घेतला. तो नेहमीसारखाच जड आणि गार होता, माझाही तसाच झाला होता. "बघू या?" मी विचारलं. यंत्र बंद केलेलं होतं, त्यामुळे उत्तर आलं नाही, आणि मी थांबलेही नाही.

वकिलांकडून अर्ज घेतला. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात पत्नी लिहिलं. खाली दोन चौकोन होते. वरच्या, 'होय' लिहिलेल्या चौकोनात खूण केली.

"केतकीताई," डॉ. इनामदार हलकेच म्हणाल्या, "नक्की?"

"नाही," मी म्हणाले आणि सही केली.